काठ काढलेली लुगडी

मी नेकनूरला जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवते. आधी ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवायचे. मग बाया बीडहून तयार ब्लाउज आणायला लागल्या, गणवेशाचं काम एकगठ्ठा बाहेर जायला लागलं आणि माझी पायमशीन भिंतीला लागून पडून राहिली. त्याच सुमारास प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. बंदी कितीशी पाळली गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार तेव्हा घाबरला होता. त्यानं विचारलं, "वैनी, कापडी पिशव्या देता का शिवून?" मी आमच्या मालकांची एक विटलेली पँट उसवली, तिच्या दोन पायांच्या दोन पिशव्या केल्या. मागचा खिसा तसाच बाहेरून ठेवला, चिल्लर ठेवायला. लोकांना तो खिसाच आवडला.

तेव्हापासून गावातले जुने कपडे माझ्या दारात येतात. खताच्या रिकाम्या गोणीत कोंबलेले, न धुतलेले, घामाचा वास असलेले. आणून टाकणारा माणूस वर म्हणतो, "फेकायचं जिवावर आलं. घ्या, तुमच्या कामाला येतील." म्हणजे उपकार त्यानं केले. ते कपडे भिजवायचे, वाळवायचे, मग उसवायचे. शिवायला लागत नाही इतका वेळ उसवायला लागतो. ब्लेड धरून धरून अंगठ्याला घट्टा पडलाय, मान डावीकडं वळत नाही. एकदा शिवारात मेंढरं बसवलेली एक बाई आली. तिला वाटेत झालेली कोकरं घोड्यावरून न्यायला दोन्ही बाजूंनी लोंबणारी पिशवी हवी होती. तिनं नवऱ्याचं घोंगडं आणि दोन जाड पँटी आणल्या होत्या. ते काम मात्र मी आवडीनं केलं. बाकी सगळं हात चालतात म्हणून चाललेलं असतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांना माझी मशीन आवडत नव्हती. त्या स्वतः हातानं गोधड्या शिवायच्या, साऱ्या आळीच्या. उन्हाला पाठ करून बसायच्या, पाय पसरून, गोधडीचा पसारा मांडीवर. धावदोऱ्याच्या ओळी एका कडेनं निघून फिरत फिरत मध्यावर यायच्या. माझी मशीन खडखडायला लागली की त्या म्हणायच्या, "घाई लई तुझ्या टिपंला. एक धागा गेला की सारी शिवन गेली." मी पाय मारत राहायची. आमचं दोघींचं फार गोडीचं नव्हतं आणि फार भांडणाचंही नव्हतं. एका घरात दोन बाया असतात तसं होतं.

एका उन्हाळ्यात त्या शेळ्यांना पाला टाकायला गेल्या आणि गोठ्यात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बीडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या, जपा. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोरडं ठेवा. जखमा होऊ देऊ नका." पुढची तीन वर्षं माझ्या डोक्यात तेवढा एकच शब्द होता. कोरडं.

सुरुवातीला मेडिकलमधून मोठ्या माणसांचे पॅड आणले. आमच्याकडचा उन्हाळा, वर पत्रा. पॅडमध्ये घाम साठायचा, चट्टे उठायचे. मग पाठीला खाली एक जागा लाल झाली आणि सोलली. सुती कापड घाला, सारखं बदला, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या घरात कापडाच्या गोण्या रचलेल्या होत्या. मी एकेक गोणी उपसली. सगळं टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर. पाणी टाकलं तर वरून ओघळून जाणारं. पिशव्यांना चांगलं, माणसाला कुचकामी.

सुती म्हणावं असं घरात एकच होतं, आत्याबाईंची लुगडी. वर्षानुवर्षं धुऊन मऊ पडलेली. मी त्यांच्या बाजेपाशी जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, तुमची जुनी लुगडी..."

त्यांचं तोंड भिंतीकडं होतं. तशाच म्हणाल्या, "फाड. कावून विचारायलीस? मी काय आता उठून नेसनार हाय?"

मी त्यांची पेटी उघडली. सगळ्यात विटकं लुगडं काढलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आन काठ आधी काढ. काठ टोचतो."

काठ काढून झाल्यावर लुगड्याचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. मी दातानं कड तोडली आणि ओढलं. जुनं सुती कापड फाटतं तेव्हा जास्त आवाजही होत नाही, सुस्कारा टाकल्यासारखं होतं आणि बारीक धूळ उडते. तुकडे झाल्यावर त्यांनी हात पुढं केला. "सुई दे. कडा सुटत्यात."

आणि त्या उताण्या पडल्या पडल्या, कापड छातीवर घेऊन, आपल्याच खाली घालायच्या बाळुत्यांना कड दुमडून शिवायला लागल्या. मी नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. सकाळचं ऊन खिडकीतून आत येई तेवढा वेळ शिवायच्या. टाका तसाच बारीक, सरळ. पहिल्या वर्षी सगळ्या कडा त्यांनीच शिवल्या. पुढं हात थरथरायला लागला, सुई निसटून अंथरुणात हरवायची, आणि ती सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. शेवटी मी सुईदोरा उचलून ठेवला. त्यांनी दोन दिवस मागितला, मग मागायच्या थांबल्या. नंतरच्या कडा मी मशीनवर मारल्या. त्यांनी त्यावर बोट फिरवून बघितलं.

त्या दिवसांची आठवण म्हणजे धुणं. टँकर येईल त्या दिवशी पिंपं भरून घ्यायची आणि पुरवून वापरायची. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं, आणि त्यातून बाळुत्यांचं वेगळं. आधी राखेनं खरवडायची, मग सोड्यात भिजवायची, मग उकळायची. अंगणात दोऱ्या बांधल्या होत्या, त्यावर लुगड्यांचे तुकडे हारीनं वाळत असायचे, निळे, हिरवे, चॉकलेटी. एकदा एक भांडीवाला दारात आला आणि हसून म्हणाला, "नातू झाला का मावशी?" मी हो म्हणून टाकलं. समजावून सांगायचा कंटाळा आला होता.

काढलेले काठ मी गुंडाळून ठेवत गेले. काठाची वीण घट्ट असते, कापड विरलं तरी काठ टिकून राहतो. पिशवीचे बंद करायला त्याच्यासारखं काही नाही. मी ते बंदांना वापरायला लागले. आत्याबाईंनी एकदा बाजेवरून हात लांब करून नवी पिशवी मागितली, बंद दोन्ही हातांनी ताणून बघितला. म्हणाल्या, "धरतंय." आणि परत दिली.

मालक घरी असले तर मला त्यांना उचलून कुशीवर वळवायला मदत करायचे. आईचे कपडे बदलायची वेळ आली की बाहेर जायचे. त्यात त्यांची चूक म्हणत नाही. पण त्या तीन वर्षांत मी कुणाच्या लग्नाला मुक्कामी गेले नाही, श्रावणात बाया कपिलधारला दर्शनाला निघाल्या तेव्हा दारातूनच त्यांची जीप बघितली. कधी कधी वाटायचं, हे आता संपावं. असं वाटलं की मी उठून काहीतरी काम काढायची.

ते थंडीत संपलं. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर आत्याबाई गेलेल्या होत्या. अंथरूण कोरडं होतं. मी तिथंच खाली बसले. रडू नंतर आलं. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की आज धुणं नाही.

माझी एक नणंद आहे, मालकांपेक्षा मोठी, सिरसाळ्याला दिलेली. मी तिला आक्का म्हणते. घरी शेती, म्हशी, आणि तिचे मालक आडतीचं काम बघणारे. सिरसाळ्याहून बीड, बीडला गाडी बदलून नेकनूर, यात तिचा अर्धा दिवस जायचा. तरी दिवाळीला, पंचमीला यायची. आईच्या उशाशी बसायची, तिचे केस विंचरायची, मोसंबी सोलून भरवायची, रडायची, आणि दुपारच्या गाडीनं परत जायची. ती येणार असली की मी सकाळीच सगळं आवरून, स्वच्छ चादर घालून, उदबत्ती लावून ठेवायची. दोरीवरची बाळुती काढून आत टाकायची. त्यामुळं तिनं आई बघितली ती नेहमी धुतलेली, कोरडी. बाकीचं तिला कधी दिसलंच नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आक्का एक दिवस मागं राहिली. दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, "वैनी, तू येवढ्या लोकांच्या चिंध्यांचं काय काय करतीस. माझ्या आईच्या लुगड्यांची मला एक गोधडी शिवून दे. आन एक पिशवी. मोबाइलवर बघितलं मी, लोक करत्यात असं. अंगावर घेतली की आई हाय असं वाटंल."

मी काही बोलायच्या आत ती उठली आणि तिनं पेटी उघडली. पेटीत दोन चोळ्या होत्या, एक शाल होती आणि तळाला डांबराच्या गोळ्या.

"लुगडी कुठंयत?"

"न्हाईत आक्का."

"न्हाईत म्हंजी? पेटी भरून होती. हिरवं इरकल कुठंय? माझ्या लग्नात नेसलेलं?"

"ते बी फाडलं. गेल्या पावसाळ्यात. ते शेवटचं होतं."

मग तिची नजर मशीनकडं गेली. मशीनच्या वर खिळ्याला तयार पिशव्या अडकवलेल्या होत्या, बाजारात द्यायच्या. एका खाकी पिशवीचे बंद लाल-हिरव्या काठाचे होते. तिनं ती ओढून काढली. काठावर बोट फिरवलं.

"हा इरकलाचा काठ हाय," ती म्हणाली. "माझ्या आईचं लुगडं तू मिरच्या आनायच्या पिशवीला लावलंस?"

मी सांगायला लागले. मला वाटलं होतं नीट सांगता येईल, पण शब्द सगळे उघडेच बाहेर पडले. म्हणाले, "आक्का, लुगडी आत्याबाईंच्या खाली घातली. मुतायला, हागायला. तीन वर्षं. ते धुऊन धुऊन फाटायचं, मग दुसरं काढायचे. काठ तेवढे उरले."

"मग काठ तरी जपायचे व्हते."

"आत्याबाईंनीच काढायला सांगितले."

"आता ती सांगायला थोडीच येनार हाय," ती म्हणाली. "पिशव्यांसाठी फाडली म्हन की सरळ."

मालक दारात दुधाची किटली घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं आता ते बोलतील. ते किटली घेऊन मागं वळले आणि गेले.

आक्कानं चहा घेतला नाही. पिशवी आपटून टाकली, आपलं सामान घेतलं आणि एकटीच स्टँडवर गेली. मी दारात उभी राहिले नाही. तिच्यामागं जायचं, समजूत काढायची, एवढी ताकदच माझ्यात नव्हती. आत जाऊन त्या रिकाम्या बाजेवर आडवी झाले, ती दिवेलागणीला उठले.

संध्याकाळी मालक म्हणाले, "बाजारातनं एखादं जुनं लुगडं आनून शिवून दिली असती गोधडी. तिला काय कळलं असतं?"

"तिला काठ कळला," मी म्हणाले. त्यावर ते जेवायला बसले.

पुढं आक्का राखीला आली नाही. फोन फक्त भावाला करायची. मी बाजूला असले तर मला ऐकू यायचं, "वैनी बरी हाय ना," एवढं एकच. मी शिवत होते. घरात वेळ होता, धुणं नव्हतं, पाणी पुरत होतं, तरी अंगातला शीण जात नव्हता. तीन वर्षं जागून दमायचे, ती आता बसून दमायला लागले. उरलेले काठ मी एका फडक्यात बांधून पेटीत ठेवून दिले. बंदांना पुन्हा पँटीचे पट्टेच लावायला लागले.

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी फोन वाजला, मालक शेतात होते म्हणून मी घेतला. पलीकडं आक्का.

"वैनी," ती म्हणाली, "ह्यांना लकवा झालाय. उजवी बाजू गेली. दवाखान्यातनं घरी आनलंय."

मी विचारलं, कधी, कसं. तिनं सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "खाली घालायला तू कंचं कापड घेत व्हतीस?"

दुसऱ्या दिवशी मी सकाळची गाडी पकडली. रात्रभर गोण्या उपसायची गरज पडली नाही, आता सुती काय आहे ते मी वेगळंच ठेवते. धोतरं, जुने मलमलचे फेटे, म्हाताऱ्यांच्या बंड्या. त्यांचं एक बोचकं बांधलं. निघता निघता पेटीतलं काठांचं फडकंही त्यात टाकलं. तिला द्यावं की नाही, ते काही ठरवलं नव्हतं.

सिरसाळ्याला पोचले तेव्हा आक्का दारातच बसली होती. चार दिवसांतच तिची दशा झाली होती. केस तसेच, साडीचा पदर ओला. आत दाजी, आक्काचे मालक, पडले होते. मोठ्या देहाचा, बाजारात लांबून ओळखू येईल अशा आवाजाचा माणूस. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. त्यांना लाज वाटत होती, म्हणून मी आधी त्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोलले.

आक्कानं पलंगाखालून तिच्या साड्यांचा ढीग ओढला. "बघ, कपाट भरून हायत. यातली एक बी पानी पित न्हाई."

"न्हाईच पिणार. सगळं पॉलिस्टर हाय."

आम्ही खाली बसून धोतरं फाडली. मी तिला घडी कशी घालायची ते दाखवलं, शिवण वरच्या अंगाला येऊ द्यायची नाही, सुरकुती राहू द्यायची नाही. एवढ्या मोठ्या माणसाला एकटीनं कुशीवर कसं वळवायचं, तेही दाखवलं. गुडघा आधी वाकवायचा, मग खांदा आणि कंबर बरोबर ओढायची. ती शाळेतल्या मुलीसारखी बघत होती. मध्येच म्हणाली, "आई तर हलकी व्हती." मी म्हणाले, "हलकी व्हती, पर रोजच उचलायची व्हती."

दाजींचा डावा हात चांगला होता. त्यांना धरून उठायला काही मिळालं असतं तर आक्काचा भार कमी झाला असता. नायलॉनची दोरी होती, पण ती हाताला कापते. मी बोचक्यातून काठ काढले. चार काठ एकावर एक ठेवून शिवले की हात न कापणारा, न तुटणारा पट्टा होतो. सगळ्यात वर इरकलाचा आला, तोच सगळ्यात रुंद होता.

आक्कानं तो ओळखला. हातात घेतला, सरळ केला. मला वाटलं, आता रडेल किंवा मागून घेईल. तिनं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, दुसरं हातानं ताणलं आणि म्हणाली, "शिव. मी धरते."

तिच्याकडं मशीन नव्हती. मी हातानंच धावदोरा घातला, जाड दोरा, दुहेरी. चार पदरांतून सुई जायला जोर लागत होता, बोटांना भोकं पडली. दुपार टळेपर्यंत शिवत होते. मध्ये ती चहा करून आणायची, परत येऊन धरायची. पट्टा पलंगाच्या पायथ्याला बांधला. दाजींनी डाव्या हातानं ओढून बघितलं, खांदे थोडे वर आले. मग दमून पुन्हा पडले.

परतीच्या गाडीत मला जागा मिळाली, आणि वडवणी कधी मागं पडलं ते कळलं नाही इतकी झोप लागली.

दाजी अजून तसेच आहेत. थोडं बोलता येतं, पाय उचलत नाही. आक्का आता मला फोन करते, भावाला नाही. जखम झाली तर काय लावायचं, सोडा किती टाकायचा, आणखी धोतरं कुणाकडून मिळतील. तिच्या त्या पॉलिस्टरच्या साड्या तिनं दोन गोण्या भरून पाठवल्या, त्यांच्या पिशव्या मी बाजारात दिल्या.

मागच्या आठवड्यात असंच बोलणं चाललं होतं. मध्येच तिनं विचारलं, "वैनी, तुला कटाळा आलता का गं, आईचं करताना?"

मी मशीन थांबवली. म्हणाले, "लई."

पलीकडं तिच्या म्हशी रेकत होत्या.

"मला बी येतो," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, यंदा तुरी कशा हायत तुमच्याकडं, आणि आम्ही तुरींचं बोलायला लागलो.